गाडी मधेच थांबू नये म्हणून: घरातल्या छोट्या रेल्वेची पहिली मांडणी

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर सायकल टेकवून, गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत उभी राहणारी मुलं आमच्या लहानपणी गल्लोगल्ली होती. त्यातल्या काहींची ती ओढ वय वाढलं तरी जात नाही. मग कधीतरी एक इंजिन, तीन-चार डबे आणि गोल रूळ असा पेटीतला संच घरी येतो. जमिनीवर मांडून आठ दिवस सगळं घर खेळतं. हळूहळू गाडी अडखळायला लागते, हाताने ढकलावी लागते आणि एक दिवस पेटी माळ्यावर जाते.

ती पेटी खाली काढू पाहणाऱ्यांसाठी आणि आता नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. या छंदातला खरा आनंद गाडी हळू, न थांबता चालण्यात आहे, आणि ती तशी चालते रूळ नीट बसवले तर. महागडं इंजिन वाईट रुळावर अडखळतं, साधं इंजिन चांगल्या रुळावर लोण्यासारखं जातं. म्हणून या लेखात रुळांना जास्त जागा दिली आहे आणि डोंगर-झाडांना कमी.

माप ठरवा

दुकानात किंवा ऑनलाइन पाहायला लागलात की एचओ, ओओ, एन, टीटी अशी अक्षरं दिसतील. एचओ म्हणजे खऱ्याच्या १:८७. यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ओओ हे ब्रिटिश माप १:७६, पण त्याचे रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे. एन म्हणजे १:१६० आणि ९ मिलिमीटरचे रूळ. टीटी १:१२० आणि १२ मिलिमीटर. पहिल्यांदा करणाऱ्याने एचओ घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. एन मापाला जागा निम्मी लागते हे खरं, पण धुळीचा एक कण, रुळाच्या जोडातला केसाएवढा खळगा त्या बारक्या चाकांना पुरतो, आणि आपल्याकडे धूळ भरपूर.

भारतीय गाड्यांचं एक कोडं सुरुवातीलाच समजून घ्या. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ येतात, आणि आपण गाडी चालवणार १६.५ च्या रुळावर. म्हणजे समोरून पाहिलं तर गाडी जरा अरुंद पायांवर उभी दिसते. जगभर ब्रॉडगेज करणारे बहुतेक लोक हे चालवून घेतात, तुम्हीही घ्या. चाकं बदलत बसण्याचं काम नंतर कधीतरी.

काहींना जुनं बेळगाव हवं असतं. सदर्न मराठा रेल्वेने टाकलेली, पुढे १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे असलेली आपली लाइन मीटरगेजची होती, आणि ती १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली. मीटरगेजला ८७ ने भागलं तर साडेअकरा मिलिमीटर येतात, म्हणजे टीटीचे १२ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ बरोबर बसतात. ब्रॉडगेजपेक्षा मीटरगेजचं माप जास्त जुळतं. पण डबे आणि इंजिनाची बॉडी स्वतः बनवावी लागते, म्हणून ही दुसऱ्या लेआउटची, म्हणजे मांडणीची, गोष्ट समजा.

इंजिन घेताना भारतीयच हवं म्हणून अडून बसू नका. चांगली मोटर असलेलं, हळू चालणारं कुठलंही एचओ डिझेल इंजिन घ्या. आपलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मुळात अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्याचं. त्यामुळे आल्कोच्या सहा आसांच्या अमेरिकन इंजिनांची मॉडेल्स पुढे भारतीय रूप द्यायला सोपी जातात. मार्कलिन या जर्मन कंपनीचा एचओ संच कुणी स्वस्तात देत असेल तर थांबा. त्याच्या रुळाच्या मधोमध वीज घेणाऱ्या बारीक खुंट्या असतात आणि तो दोन रुळांच्या बाकीच्या सामानाबरोबर चालत नाही. जुनं इंजिन घेत असाल तर विकणाऱ्याकडून ते वेगात पळतानाचा नाही, अगदी सावकाश सरकतानाचा व्हिडिओ मागा. खराब मोटर सावकाश चालताना लगेच उघडी पडते.

जागा मोजा, मग गाडी निवडा

बहुतेक जण उलटं करतात. आवडती एक्स्प्रेस घेतात आणि मग ती वळणावरून घसरते.

निळा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब. एचओमध्ये तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान दुप्पट हवी, तिप्पट असेल तर निर्धास्त, असा या छंदातला ठोकताळा आहे. म्हणजे आयसीएफ डब्यांना ४९ सेंटिमीटरच्या आतलं वळण नको, आणि निवांत चालायला साडेत्र्याहत्तर हवं. पेटीतल्या संचातलं वळण बहुधा ४४ सेंटिमीटरच्या आसपास असतं. आता मालगाडीकडे बघा. कोळशाची उघडी वाघीण, बॉक्सएन, खऱ्यात १०.७ मीटर, एचओमध्ये जेमतेम सव्वाबारा सेंटिमीटर. तिची तिप्पट ३७. म्हणजे पेटीतल्या त्याच वळणावर मालगाडी बिनघोर फिरते.

म्हणून पहिली गाडी मालगाडी असू द्या. आपल्या भागाला ती शोभतेही. लोंढ्याहून कॅसलरॉक आणि खाली घाट उतरून कुळेपर्यंतचा मार्ग मालगाड्यांसाठीही ओळखला जातो.

जागेचे दोन चांगले पर्याय आहेत. एक, प्लायवूडचा अख्खा आठ बाय चारचा तक्ता, त्यावर गोल. मुलांना गाडी फिरत राहिलेली आवडते, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर हाच घ्या. मात्र तो तक्ता भिंतीला टेकवून ठेवला तर मागचा कोपरा हाताला पोचत नाही, आणि गाडी नेमकी तिथेच पडते. तीन बाजूंनी फिरायला वाट ठेवा.

दुसरा, माझ्या आवडीचा. भिंतीलगत आठ फूट लांब, दीड फूट रुंद फळी. त्यावर एक छोटं स्टेशन: देसूर म्हणा, गुंजी म्हणा. मेन लाइन, एक लूप (बाजूला निघून पुन्हा मेन लाइनला मिळणारा रूळ), एक मालधक्क्याची साइडिंग. एक सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, १९ ते २६ सेंटिमीटर जागा खातो, तो निवडलेल्या मापावर. दोन टोकांना दोन सांधे टाकून मधे लूपमध्ये मीटरभर मोकळी लांबी सहज उरते. इंजिन २० सेंटिमीटर आणि तीन आयसीएफ डबे साडेत्र्याहत्तर, मिळून चौऱ्याण्णव. बसलं. वाघिणी असतील तर सहा बसतात. अशा फळीवर शंटिंगचं, म्हणजे डबे काढण्या-जोडण्याचं, काम संपत नाही, आणि बैठकीच्या खोलीत ती सोफ्याच्या वर शेल्फसारखी राहते.

तक्ता

सुताराकडून दोन बाय एक इंचाच्या वाळलेल्या पाइनच्या पट्ट्यांची चौकट करून घ्या, दर दीड फुटावर आडवी पट्टी. वर १२ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर प्लाय, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा. आपल्याकडच्या पावसात साधा प्लाय दोन वर्षांत कडेने उलतो. खालची बाजू आणि कडा यांना प्रायमरचे दोन हात द्या. वरून रंग आणि खालून कोरडं लाकूड राहिलं तर खालून ओल शोषून तक्ता वाकतो. उंची मीटरभर किंवा थोडी जास्त ठेवा. गाडी डोळ्यांच्या जितकी जवळ, तितकी ती खरी दिसते. भिंतीला अगदी चिकटवू नका, दोन इंच फट सोडा. ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतून येतात.

हे काम दिवाळीनंतर करा. तोवर लाकूड आणि हवा दोन्ही सुकलेली असतात.

रूळ अंथरणं

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. नावात चांदी असली तरी हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. जुन्या स्वस्त संचांत पोलादी रूळ येतात. आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत ते गंजतात, आणि गंज वीज जाऊ देत नाही. रुळाची उंची कोड नावाच्या आकड्याने सांगतात: कोड १०० म्हणजे इंचाचा दहावा भाग, अडीच मिलिमीटर, कोड ७५ म्हणजे १.९ मिलिमीटर. नवख्याने कोड १०० घ्यावा. जुनी-नवी सगळी चाकं त्यावर चालतात.

पहिल्यांदा खाकी कागद तक्त्यावर पसरून पूर्ण मापाचा आराखडा काढा. सांधे ठेवून बघा, डबे ठेवून बघा, दोन दिवस तसंच राहू द्या. या दोन दिवसांत काहीतरी बदलावंसं वाटतंच, आणि तेव्हा फक्त पेन्सिलचं काम असतं.

आराखडा पक्का झाला की ३ मिलिमीटरची कॉर्क शीट रुळाच्या रुंदीहून थोडी जास्त कापून फेव्हिकॉलने चिकटवा. तिच्यामुळे आवाज कमी होतो आणि खडीला उतार मिळतो. सरळ भागासाठी आणि मोठ्या वळणासाठी वाकवता येणारा फ्लेक्सी ट्रॅक सोयीचा, लांबी बहुधा ९१४ मिलिमीटर, म्हणजे एक यार्ड. वळणात जोड येत असेल तर दोन तुकडे सरळ असतानाच जोडून त्या जोडाला डाग द्या (सोल्डर करा) आणि मग दोन्ही मिळून वाकवा. आधी वाकवून मग जोडायला गेलात तर जोडाशी रूळ ताठ राहायला बघतो आणि तिथे कोपरा तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, चाकाला दिसतो.

प्रत्येक जोडावरून नख फिरवा, वरून आणि आतल्या बाजूने. नख अडलं तर चाकही अडणार. बारीक कानशीने तेवढाच भाग घासा. मग गाल तक्त्यावर टेकवून एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघा. उंचवटा, खळगा, वाकडेपणा, सगळं त्या कोनातून दिसतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी अजूनही प्रत्येक जोडाला ते करतो.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती आपल्या हवेत कुणाचीही होईल. मी पहिला लेआउट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बांधला, डिसेंबरच्या थंडीत, रात्री जेवणानंतर. प्रत्येक जोड घट्ट दाबून बसवला आणि त्या घट्टपणाचा मला अभिमान होता. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि भाचा राहायला आला. पहिल्याच दुपारी खाली येऊन म्हणाला, “मामा, गाडी तिथंच थांबायलीय बघा. काल रात्री थांबत न्हवती की.” वर जाऊन बघतो तर खोली भट्टीसारखी तापलेली, आणि वळणाच्या तोंडाशी रूळ गांडुळासारखा बाजूला सरकलेला. दोन स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) खिळ्यांसकट उचलले गेले होते. संध्याकाळी खोली निवली आणि रूळ बराचसा जागेवर आला, म्हणून मला रात्री काही कळलंच नव्हतं.

हिशोब साधा आहे. एक मीटर निकेल सिल्व्हर २० अंशांच्या फरकाने सुमारे ०.३ मिलिमीटर वाढतो. चार मीटरच्या सलग, घट्ट रुळाला सव्वा मिलिमीटर जागा हवी असते आणि ती मिळाली नाही तर तो बाजूला फुगतो. म्हणून थंडीत काम करत असाल तर सरळ भागातल्या जोडांत दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढी फट सोडा. वळणातले डाग दिलेले जोड तसेच राहू द्यात. उन्हाळ्यात दुपारी काम करत असाल तर फट जवळजवळ नको. आणि पत्र्याच्या खोलीपेक्षा स्लॅबखालची खोली कधीही चांगली.

सांध्याजवळ विशेष जपा. सरकणाऱ्या पात्यांखाली गोंद किंवा खडी जाता कामा नये. सांधा अगदी सपाट जागेवर हवा, चढाच्या सुरुवातीला किंवा वळणाच्या पोटात नको.

चढाबद्दल. कॅसलरॉक ते कुळे हा घाट १:३७ चा आहे, म्हणजे १०० मीटरला २.७ मीटर, आणि तिथे जड मालगाड्यांना ढकलायला मागे जादा इंजिनं लावतात. छोट्या गाडीलाही तोच आकडा जड जातो. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. १:३७ ने ती गाठायला पावणेतीन मीटर आणि पुन्हा उतरायला तितकेच. आठ बाय चारच्या तक्त्यावर हे जमवायला गेलेल्यांच्या गाड्या चढावर चाकं फिरवत उभ्या राहतात. दूधसागरचा पूल मनात असला तरी पहिला लेआउट सपाट ठेवा.

वीज

सगळ्यात सोपी पद्धत डीसी. कंट्रोलर रुळांना शून्य ते १२ व्होल्ट देतो, जास्त व्होल्ट म्हणजे जास्त वेग, ध्रुव उलटे केले की गाडी उलटी. १२ व्होल्टचा झटका बसत नाही. पण कंट्रोलरच्या भिंतीकडच्या बाजूला २३० व्होल्ट आहेत, तेव्हा तयार, बंद डबीतलाच ॲडॉप्टर वापरा आणि तो उघडू नका. लाईट जाऊन-येऊन करायला लागली की प्लग काढा.

दुसरी पद्धत डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल). यात रुळांवर वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातली चिप आपला क्रमांक ओळखून हुकूम पाळते, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. नव्या चिपचा क्रमांक ३ असतो. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली मुलं घरात असतील तर आर्डुइनो मेगा हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड यांवर चालणारी डीसीसी-ईएक्स ही मोफत, खुली प्रणाली आहे. इंजिनिअरिंगच्या मुलाला ती शनिवार-रविवारचं काम. पण पहिले सहा महिने डीसीवर काढा. वायरिंग दोन्हींसाठी सारखंच चांगलं हवं, आणि ते डीसीवर शिकायला सोपं.

नवख्यांची गाडी थांबण्याचं सर्वांत मोठं कारण इथे आहे: ते रुळाच्या जोडपट्टीवर विसंबतात. पेटीतल्या संचात वीज एकाच जागी जोडलेली असते आणि पुढे ती एका पत्र्याच्या जोडपट्टीतून दुसऱ्या जोडपट्टीत जाते. सहा महिन्यांनी त्या पट्ट्या सैल होतात, काळ्या पडतात. उपाय असा: तक्त्याच्या खालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन जाड तारा, एक लाल, एक काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. दर मीटरला, आणि रुळाच्या प्रत्येक सुट्या तुकड्याला, बारीक तार वरून खाली सोडून त्या जाड तारांना जोडा. पुढचा रूळ लाल, मागचा काळा. हा नियम एकदा ठरवला की मोडायचा नाही.

डाग देणं ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी थोडं सावकाश सांगतो. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते, पण तिचं टोक स्वच्छ हवं. ओल्या स्पंजावर पुसलं की चकाकलं पाहिजे. रुळाची बाहेरची बाजू, फक्त बाहेरची, कानशीने उजळ होईपर्यंत घासा आणि फ्लक्सचं (डाग धरण्यासाठीच्या पेस्टचं) बोट लावा. तारेचं टोक सोलून, पिळून त्यावर आधी कथिल चढवा, मग ते टोक एलच्या आकारात वाकवून रुळाच्या कडेला टेकवा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, नाहीतर प्लास्टिक वितळतं. आता इस्त्री टेकवा आणि मनात एक, दोन म्हणा. कथिल पाण्यासारखं पसरून चमकेल. लगेच काढा आणि तार थंड होईपर्यंत हलवू नका. डाग खडबडीत, राखाडी दिसला तर तो धरलेला नाही, पुन्हा द्या. पहिले दहा डाग टाकाऊ रुळाच्या तुकड्यावर द्या.

एक सापळा. रूळ वळवून परत त्याच लाइनीला आणून जोडला, फुग्यासारखा, तर लाल रूळ काळ्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. कागदावर दोन रंगांनी दोन्ही रूळ रेखून बघा, लगेच दिसेल. पहिल्या लेआउटवर असा फुगा टाळा.

सगळं जोडून झालं की डोंगर, घरं, झाडं यांतलं काहीही करू नका. निदान पंधरा दिवस नुसती गाडी चालवा. पुढे, मागे, सांध्यातून, लांब वाघीण पुढे आणि इंजिन मागे लावून. जिथे गाडी घसरेल किंवा थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा. एकाच जागी तीन खुणा झाल्या तर दोष रुळात. एकच वाघीण सगळीकडे घसरत असेल तर दोष तिच्या चाकांत. एचओच्या चाकजोडीच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १४.४ मिलिमीटर हवं. लोखंडी पट्टीचा त्या मापाचा तुकडा उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये बनवून मिळतो, आणि तो गेज जन्मभर पुरतो.

खडी, माती, डोंगर

आता आपल्या हातचं काम. ज्याने लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे त्याला डोंगर कसा उभा राहतो हे शिकवायला नको. फक्त साहित्य बदलायचं. चिखलात बुडवलेलं गोणपाट इथे चालत नाही, ते जड होतं, तडकतं आणि ओल धरतं. थर्माकोलचे थर, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या पातळ पीओपीत बुडवून. मोहरी आणि हळीव पेरायचा मोह आवरा. हिरवळीसाठी सुताराकडचा बारीक भुसा हिरव्या-पिवळ्या दोन-तीन छटांत रंगवून वाळवा. एकच हिरवा कुठेही वापरू नका, रानात तो एकसारखा नसतो. झाडांचे बुंधे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातल्या जुन्या तांब्याच्या तारा पिळून करतात.

मातीचा रंग लाइनीवरची जागा सांगतो. खानापूर-गुंजीकडे तांबडी माती आणि जांभा दगड, घटप्रभा-रायबागकडे काळी माती आणि ऊस. खरीच माती आणा, तव्यावर कोरडी भाजा, वस्त्रगाळ करा. स्टेशनचा बोर्ड पिवळा, काळ्या अक्षरांत, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी.

खडीचं गणित मला फार आवडतं. खऱ्या लाइनीवरची खडी २० ते ६५ मिलिमीटरची असते. ८७ ने भागलं तर पाव ते पाऊण मिलिमीटर. क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणून रव्याच्या चाळणीतून गाळा, खाली पडलेलं पुन्हा मैद्याच्या चाळणीत घ्या. मैद्याच्या चाळणीत वर राहील ती तुमची खडी. पण रुळावर टाकण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवा, कागदात गुंडाळून, चार-पाच वेळा. आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकी कण असतात. चुंबकाला मिशा फुटल्यासारखे ते चिकटतात. ते तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटरचा चुंबक त्यांना रुळावरून उचलून आत घेतो, आणि मोटर संपते. मातीलाही हेच करा.

खडी कोरडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरांमधे बसवा, रुळाच्या आतल्या कडेला एकही दाणा नको. मग पाण्याचा फवारा, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, म्हणजे पाणी दाण्यांवर गोळा न होता आत मुरतं. त्यावर एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, ड्रॉपरने. रात्रभर हात लावू नका.

चालवणं

नवा माणूस गाडी फार वेगात चालवतो. खऱ्या वेगाचा हिशोब करून बघा: ताशी ३० किलोमीटरने जाणारी मालगाडी एचओमध्ये सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर जाते. म्हणजे एक मीटर रूळ पार करायला दहा सेकंद. ताशी ६० ला पाच सेकंद. तक्त्याच्या कडेला मीटरभर अंतरावर दोन खुणा करा आणि मोबाइलच्या घड्याळावर मोजा. पहिल्यांदा दहा सेकंद फार वाटतात. नंतर त्याहून वेगवान गाडी खोटी वाटायला लागते.

फळीवरच्या स्टेशनात काम असं लावा: मालधक्क्यावरच्या दोन वाघिणी काढून गाडीला जोडायच्या, गाडीतल्या दोन तिथे सोडायच्या, आणि इतक्यात मेन लाइनवरून एक्स्प्रेस येणार आहे म्हणून तिच्याआधी लूपमध्ये शिरायचं. दोघं असाल तर एकाने सांधेवाला व्हावं. अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

रूळ पुसायला सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, खिडकी उघडी ठेवून. सँडपेपर कधीही नको, त्याच्या ओरखड्यांत पुढची घाण जास्त बसते. चाकंही पुसा: अल्कोहोलने ओला केलेला कागद रुळावर धरून इंजिनाची एका बाजूची चाकं त्यावर फिरवायची, मग दुसऱ्या बाजूची. तेल आसाला सुईच्या टोकावरचं एक थेंब, वर्षातून दोनदा. त्याहून जास्त तेल रुळावर उतरतं.

पावसाळ्यात इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर झाकणाच्या डब्यात ठेवा. लेआउटवर जुनी सुती चादर टाका. प्लास्टिक टाकलंत तर आत ओल साचते. आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं गाडी चालवाच. बोगद्यांत कोळ्याची जाळी आणि पालीची घाण होते, म्हणून बोगद्याचा डोंगर उचलून बाजूला ठेवता येईल असाच बनवा.

चांगलं बघायला मिळालं की शिकणं लवकर होतं. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय बघा, एचओ मापातलं अख्खं शहर तिथे चालतं. हुबळीच्या रेल्वे संग्रहालयात खरी जुनी इंजिनं आणि डबे जवळून पाहता, मोजता येतात. टेप आणि वही घेऊन जा.

तिघं-चौघं मिळून

एकाच्या घरात मावत नाही ते चौघांच्या घरांत मावतं. प्रत्येकाने आपापला चार फुटांचा तुकडा बांधायचा आणि सुट्टीत एखाद्या हॉलमध्ये सगळे जोडायचे. यासाठी चार गोष्टी पहिल्याच बैठकीत ठरवून कागदावर लिहा: जमिनीपासून रुळाच्या माथ्यापर्यंतची उंची, तुकड्याच्या टोकाची रुंदी, पुढच्या कडेपासून रुळाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि पुढचा रूळ लाल तारेचा. पायांना खालून फिरवून उंची बदलता येईल असे बोल्ट लावा, कारण हॉलची फरशी कधीच सपाट नसते. टोकांच्या फळ्या चौघांनी एकाच सुताराकडून एकावर एक ठेवून एकदमच भोकं पाडून घ्या. वेगवेगळ्या घरी वेगवेगळ्या दिवशी पाडलेली भोकं जुळत नाहीत.

तुकडे बोल्टने आवळले की वीज लगेच सुरू करू नका. सर्वांत हलकी वाघीण घ्या आणि एका बोटाने ती जोडावरून पलीकडे ढकला. मग तिकडून इकडे. बोटाला जरासुद्धा ठेच जाणवली तर बोल्ट सैल करा, पुन्हा जुळवा, पुन्हा ढकला. ती आवाज न करता गेली की मग इंजिन ठेवा.